पण ते तुला कळलंच असेल

तळ्याकाठच्या आमच्या सँडविक गावात हॅली नावाची चार माणसं आहेत. उंच हॅली, टपालातला हॅली, बायकोचा हॅली आणि नाकवाला हॅली. उंच हॅलीला जाऊन तीन वर्षं झाली, पण मोजताना त्याला धरायची आमच्याकडे पद्धत आहे. आडनावानं हाक मारावी तर आडनावंही पाच-सहाच. म्हणून इथे आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त चर्चच्या वहीत राहतं आणि गावानं ठेवलेलं नाव थडग्यापर्यंत जातं.

नाकवाल्या हॅलीचं नाक काही मोठं नव्हतं. उलट बटणाएवढं, आणि थंडीत लाल व्हायचं. पण एकोणीस वर्षांचा असताना तो बापाच्या गॅरेजच्या दारात उभा होता, डॉक्टरांची गाडी आत शिरली, आणि इंजिन बंद व्हायच्या आत हा म्हणाला, ‘खालचा पाइप, चिमट्यापाशी.’ बॉनेट उघडलं तर खालच्या पाइपातून, चिमट्यापाशी, कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, ठिबकत होतं. डॉक्टरांनी ही गोष्ट गावभर केली आणि बारसं होऊन गेलं.

कूलंट गळायला लागलं की गोडसर वास येतो, पाक लागायच्या बेताला येतो तसा. तो कुणालाही येतो, त्यात मोठेपणा नाही. हॅलीला त्याच्या पुढचं कळायचं. तापलेल्या लोखंडावर पडलेल्याचा वास निराळा, रबरातून झिरपलेल्याचा निराळा, आणि हीटरच्या वाटेनं गाडीच्या आत शिरलेल्याचा अगदीच निराळा. हा शेवटचा सगळ्यात वाईट. उन्हाळ्यात इंजिन तापलं तर माणूस फार तर चिडतो, पण आमच्याकडे जानेवारीत हीटर गेला तर माणूसच जातो. तळ्याच्या बाजूनं वारा सुटला की रस्त्यावर गाडी बंद पडलेल्याला अर्धा तास पुष्कळ होतो.

म्हणून गावाचा हॅलीवर भरवसा होता, आणि त्या भरवशाची एक रीत होती. गाडी गॅरेजसमोर उभी करायची, चावी आतल्या खिळ्याला अडकवायची आणि घरी जायचं. काय बिघडलंय ते सांगायचं नाही. हॅलीला दुखणं सांगणं म्हणजे पाद्रीबुवांना प्रार्थना शिकवणं. चाळीस वर्षं त्या भिंतीवरच्या खिळ्यांना चाव्या लागल्या आणि उतरल्या, आणि दोन्हीकडून मिळून एका चावीमागे दोन शब्दांच्या वर खर्च झाला नाही.

मग दोन हिवाळ्यांपूर्वी, बर्फावर दगड सरकवायचा कर्लिंगचा खेळ चालतो त्या हॉलबाहेर त्याचा पाय घसरला आणि डोकं मागच्या बाजूनं बर्फावर आपटलं. दोन दिवस पडून राहिला, डॉक्टरांनी पाहिलं, ठीक आहे म्हणाले. चौथ्या दिवशी तो स्वयंपाकघरात पेपर वाचत बसला होता आणि शेगडीवर कॉफी आटून करपली. बायको, रुना, अंगणातून धावत आली, खिडक्या उघडल्या, त्याच्या नावानं शंख केला. तो म्हणाला, डोळा लागला होता. डोळा मुळीच लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये त्यानं पेट्रोलचा डबा उघडून नाकाशी धरला. काही नाही. टर्पेंटाइन, काही नाही. डब्यातला कांदा, काही नाही. शेवटी त्याचा मित्र ओली आला. हा ओली तळ्यावर मासेमारी करतो, आणि एकदा ट्रकसकट बर्फातून खाली गेला होता, म्हणून त्याला बुडालेला ओली म्हणतात. त्याचे बूट स्टोव्हजवळ वाळत ठेवले की एरवी गॅरेज सोडून पळावंसं वाटे. हॅली त्या बुटांपाशी वाकून तीनदा श्वास घेऊन उठला. काही नाही.

कुणाला सांगितलं नाही. रुनालाही नाही. आता तुम्ही म्हणाल, बायकोला सांगायला काय झालं होतं? पण आमच्या माणसांचं हे असंच. पाय मोडला तर ‘जरा लचकलाय’ म्हणतील, आणि घर जळालं तर ‘थोडं ऊबदार झालं होतं’. शिवाय हॅलीच्या मनात खरी भीती होती. नाकवाल्या हॅलीचं नाक गेलं तर मागे उरला कोण? आणि त्याहून मोठी भीती ही, की एखादी गळती आपल्याला कळणार नाही, आपण गाडी ठणठणीत म्हणून पाठवू, आणि ते माणूस परत यायचं नाही. पण गॅरेज बंद करावं तर पुढचं गॅरेज पन्नास मैलांवर.

तेव्हा ज्या वस्तूची त्यानं जन्मभर टवाळी केली ती त्यानं गुपचूप मागवली. काट्याचा पंप. रेडिएटरच्या तोंडावर बसवायचा, हवा मारायची आणि काटा बघत बसायचं. काटा घसरला तर गळती आहे. तो तेलाच्या पिंपामागे गोणपाटात गुंडाळून ठेवी आणि गॅरेजचं दार आतून लावून वापरी.

पंप आणि नशीब, दोघांनी मिळून हॅलीला दोन वर्षं तारलं. नशीब असं, की नेमकं त्याच सुमारास गावाला बोलण्याचा रोग जडला. चावी टांगून गुमान जाणारी माणसं दारात रेंगाळायला लागली. ओली म्हणायचा, “रेडिएटरच्या डाव्या अंगाला गोडसर येतंय बघ. पण ते तुला कळलंच असेल.” सिग्गाआजी, शहाऐंशी वर्षांच्या, हवेवर बोलता बोलता सांगून जायच्या, की बाई गं, हीटर लावला की गाडीत जॅम शिजतोय असं वाटतं. पण ते तुला कळलंच असेल. पाद्रीबुवासुद्धा एकदा बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, वास मागून येतोय वाटतं, इंजिनमागच्या भिंतीकडून. पण ते तुला कळलंच असेल.

हॅली घरी येऊन रुनाकडे कुरकुर करायचा. म्हणायचा, म्हातारपणी लोकांच्या जिभेला हाड राहत नाही हे ऐकलं होतं, पण अख्खं गाव एकदम म्हातारं झालं की काय? मला शिकवतात. मला! रुना दातात साखरेचा खडा धरून त्यातून कॉफी ओढायची. “थंडीनं करमत नसेल रे त्यांना,” एवढंच म्हणायची.

अशात गेल्या सप्टेंबरात वृद्धाश्रमात नवी नर्स आली, मारिविक. फिलिपिन्सची, तिशीची, हिवाळा पहिलाच. सगळ्या मोठ्या माणसांच्या नावाआधी ती ‘सर’ नाहीतर ‘मॅडम’ लावायची. ‘सर हॅली’ असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हॅलीला राणीनं किताब द्यायला बोलावून खांद्यावर तलवार टेकवल्यासारखं वाटलं. तिनं शहरात एक जुनी निळी गाडी घेतली होती. जानेवारीत ती आली, चावी टांगली, म्हणाली, “पाणी कमी होतंय, सर हॅली. दर आठवड्याला थोडं घालावं लागतं.” आणि गेली. दुसरं काही बोलली नाही.

हॅलीला बरं वाटलं. कुणीतरी जुन्या रीतीचं माणूस आलं गावात, असं मनात म्हणाला आणि दार लावून पंप बसवला. काटा पंधरा मिनिटं जागचा हलला नाही. खाली थेंब नाही. पाइप सुके, इंजिनातला पाण्याचा पंप सुका. सवयीनं तो गाडीत बसला, हीटर लावला, सवयीनंच एक लांब श्वास घेतला. पायाखाली ओलं होतं, पण हिवाळ्यात इथे कुणाच्या गाडीत पायाखाली ओलं नसतं? बुटांचा बर्फ वितळतोच. काच जराशी धुरकट होती, तीही सगळ्यांचीच असते. रेडिएटरचं झाकण जुनं होतं. त्यातून वाफ जात असेल, असं त्यानं ठरवलं. नवं झाकण बसवलं, कूलंट भरलं आणि संध्याकाळी मारिविकला सांगितलं, “झाकण होतं. गाडी ठणठणीत आहे.”

रविवारी सकाळी ती शहरातल्या चर्चला निघाली. थंडी उणे बत्तीस अंश. अठरा मैलांवर हीटरच्या झडपांतून एकदम वाफ आली, काचेवर आतून बसली आणि बसल्याजागी गोठली. समोरचं काही दिसेना. तिनं अंदाजानं गाडी कडेला घेतली. मग हीटर गार पडला आणि त्यापाठोपाठ इंजिननं मान टाकली. एक हातमोजा काढून ती नखांनी काच खरवडत बसली होती. अर्ध्या तासानं ओली तळ्यावरून माशांच्या पेट्या घेऊन त्या रस्त्यानं आला. तो रोज त्या रस्त्यानं येत नाही. त्या दिवशी आला.

त्यानं तिला ट्रकमध्ये घेतलं, गाडी साखळीनं ओढून हॅलीच्या गॅरेजात आणून सोडली. “आत इतका वास होता की माझे मासे लाजले,” म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. हॅलीनं गाडीचं दार उघडलं, पायातली रबरी चटई उचलली. खालचा गालिचा कूलंटनं हिरवागार भिजलेला. काचेवरून बोट फिरवलं तर बोट चिकट झालं. डॅशबोर्डच्या पोटात हीटरचं म्हणून एक छोटं रेडिएटर असतं. ते तापल्यावरच झिरपत होतं आणि गार असताना गुमान बसत होतं, म्हणून काटा हलला नव्हता. हे शोधायला पंप लागतच नाही. गाडीत बसून हीटर लावायचा आणि एक श्वास घ्यायचा, बस. एकोणिसाव्या वर्षी त्याला हे रस्त्यावरून कळलं असतं.

सोमवारी सकाळी हॅलीनं दारावर ‘बंद’ची पाटी लावली. ती पाटी याआधी त्याच्या बापाच्या अंत्यविधीला लागली होती. आत जाऊन तो खिळ्यांवरच्या चाव्या उतरवायला लागला, ज्याच्या त्याला परत करायला. तेवढ्यात मारिविक आली. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती, आणि त्याच हातात झाकलेलं भांडं, भाज्या घातलेल्या शेवयांचं.

“तुमच्यासाठी केलंय,” ती म्हणाली. “चूक माझी झाली, सर हॅली.”

हॅली त्या पट्टीकडे बघत राहिला. मग खाली बसला, चाव्या मांडीवर ठेवल्या, आणि जे दोन वर्षं सख्ख्या बायकोला सांगितलं नव्हतं ते चार महिन्यांच्या ओळखीच्या पोरीला सांगून टाकलं. “मला वास येत नाही, पोरी. डोक्यावर पडलो तेव्हापासून कशाचाच येत नाही. मी तुला मारलंच होतं.”

“ते मला माहीत होतं,” मारिविक म्हणाली.

“काय माहीत होतं?”

“तुम्हाला वास येत नाही ते. मी आले त्या पहिल्याच महिन्यात कोऑपच्या दुकानात सांगितलं मला. मग सिग्गाआजींनी सांगितलं. मग पाद्रीबुवांनी. गाडी हॅलीकडे न्यायची असेल तर आधी आपण नीट वास घ्यायचा, कुठून येतो ते बघायचं, आणि त्याला सहज बोलता बोलता सांगायचं. आणि सांगून झालं की म्हणायचं...” ती जरा थांबली, शिकवलेलं आठवावं तशी. “पण ते तुम्हाला कळलंच असेल.”

हॅलीच्या मांडीवरच्या चाव्या खाली पडल्या. त्यानं त्या उचलल्या नाहीत.

तिनं बिचारीनं सगळं सांगितलं. तिला हे खरं वाटलंच नव्हतं. कारण त्याच्या आदल्या आठवड्यात गावानं तिला सांगितलं होतं, की तळं गोठल्यावर त्यावर पाऊल ठेवायचं तर नव्या माणसाला टपालात जाऊन नाव नोंदवावं लागतं. ती गेली, आणि टपालातल्या हॅलीनं चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता तिचं नाव, वजन आणि बुटाचं माप लिहून घेतलं. तेव्हा हे नाकाचं ऐकल्यावर ती म्हणाली, पुन्हा फिरकी घेतायत माझी, आता मी फसायची नाही. गाडीत गोड वास महिनाभर येत होता. तिनं मुद्दामच सांगितला नाही.

“पण हे सुरू कुणी केलं?” हॅलीनं विचारलं.

“मॅडम रुना,” ती म्हणाली. “असं सगळे म्हणतात.”

हॅली उठला, कोट चढवला आणि घरी चालत निघाला. टाळकं फिरलं होतं त्याचं. दोन वर्षं गाव आपल्याला लहान पोरासारखं घास भरवत होतं आणि आपण मिशीला पीळ देत होतो! रस्त्यात पाद्रीबुवांनी हात केला, त्यानं बघितलं नाही.

रुना ओट्याशी विनारतेर्ता रचत होती. सात पातळ भाकऱ्या, मध्ये सुक्या आलुबुखाराचं सारण. आमच्याकडे लग्नाला, मयताला आणि निकड असेल तेव्हा हीच करतात. तिनं त्याचं तोंड पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

“कधीपासून माहीत आहे तुला?” तो म्हणाला.

“पडलास त्याच हिवाळ्यातल्या नाताळापासून. करपलेल्या कॉफीचा संशय होताच. म्हणून नाताळाला मी यात वेलदोडा घातलाच नाही. तू दारातून आलास, नाक वर केलंस आणि म्हणालास, वा, वेलदोड्यानं घर घमघमलंय.” रुनानं एप्रनला हात पुसले. “मी बाथरूममध्ये जाऊन रडले.”

“मग मला विचारायचं नाही?”

“तू सांगायचं नाही?”

रुनानं सगळं सांगून टाकलं. नाताळ संपल्यावर ती घरोघर गेली होती, एकूण एकतीस घरं, प्रत्येक घरी कॉफी घ्यावी लागली, आठवडाभर झोप आली नाही. तिनं लोकांना कबूल करायला लावलं, की सांगायचं पण कळू द्यायचं नाही. सगळे लगेच हो म्हणाले. कुरकुर केली ती फक्त ओलीनं. तो म्हणाला, माझ्या बुटांपाशी तो वाकून उभा होता त्याच दिवशी मी ओळखलं, मला कशाला सांगतेस?

हॅली खुर्चीवर बसला. “गॅरेज बंद करतोय मी. ती पोरगी मेली असती, रुना.”

“असती,” रुना म्हणाली. तिनं ते गोड केलं नाही. “नाक गेल्यामुळे नाही. तू तोंड मिटून बसलास आणि आम्हीही तुझ्यासाठी मिटून बसलो, त्यामुळे. माझाही वाटा आहे त्यात. बंद कर हवं तर. पण मग या लोकांचं मी काय करू, ते सांग. सिग्गाआजी रोज सकाळी गाडीभोवती फेरी मारून हुंगतात. तुझं एक नाक गेलं, हॅली, आणि गावाला सत्तर फुटली. आता ती बंद कशी करायची?”

त्याला हसू आलं, आणि मग रडू आलं, आणि बराच वेळ ते रडूच राहिलं. रुना त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. जरा वेळानं तिनं समोर एक तुकडा कापून ठेवला आणि म्हणाली, “तेव्हापासून मी वेलदोडा दुप्पट घालते. वाटतं, एखाद दिवशी लागेल तुला.” त्यानं तुकडा खाल्ला. गोड लागला, बाकी काही लागलं नाही. तसं त्यानं तिला या वेळी खरं सांगितलं.

निळ्या गाडीचा अख्खा डॅशबोर्ड उतरवायला दीड दिवस गेला, हीटरचं नवं रेडिएटर बसवून सगळं परत लावायला आणखी दीड. काट्याचा पंप आता उघड्यावर, खिडकीत ठेवला होता. ‘बंद’ची पाटी पिंपामागे, त्याच गोणपाटात गेली. गुरुवारी दुपारी हॅलीनं कूलंट भरलं, हवा काढली, इंजिन तापू दिलं आणि मारिविकला बोलावणं धाडलं. ओली बूट वाळवायच्या निमित्तानं आधीच येऊन बसला होता, आणि पाद्रीबुवांना त्याच वेळी चावी टांगायची आठवण झाली होती.

हॅली सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, “माझं नाक गेलंय. पोरी, तू आत बस. हीटर पूर्ण लाव, आणि मला सांग.”

ओलीनं बुटांकडे बघितलं. मारिविक आत बसली, हॅली तिच्या शेजारच्या सीटवर बसला आणि दारं लावून घेतली. हीटरचा गरम वारा सुटला. तिनं डोळे मिटले आणि नर्सबाई नाडी मोजते तसं मन लावून हुंगायला लागली.

“नव्या रबराचा येतोय,” ती म्हणाली. “थोडा धुळीचा.”

“गोड?”

ती पुन्हा झडपेपाशी वाकली. वेळ घेतला. हॅलीनं श्वास धरून ठेवला होता, त्याचा त्याला काही उपयोग नसताना.

“तो गोड नाही. तो अजिबात नाही.” मग ती त्याच्या बाजूला वळली, आणि अजून जरा जवळ आली. “पण दुसरा एक आहे. तो गाडीचा नाही, सर हॅली. तुमच्या कोटाचा आहे. वेलदोड्याचा.”

हॅलीनं कोटाची बाही उचलून नाकाशी धरली. काही नाही. तरी त्यानं ती तशीच धरून ठेवली.

“खूप येतोय?” त्यानं विचारलं.

“खूप,” मारिविक म्हणाली. “पहिल्यांदा चावी टांगायला आले, तेव्हापासून येतोय. मला वाटलं, तो तुम्हाला कळलाच असेल.”